‘रन’च्या खाली नाव कुणाचं

चिठ्ठीभाऊंना शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं ते एकाच शब्दावर डोळा ठेवून होते. शब्द एवढासा. इंग्रजीत तीन अक्षरं, आपल्याकडे दोन: रन. शाळेतल्या पोराला विचारलंत तर तो म्हणेल, रन म्हणजे धावणे, आणि खेळायला पळेल. पण या धंद्यात मुरलेल्या माणसाला विचारून बघा. इंग्रजीत नळ रन होतो, नाक रन होतं, धुतल्यावर कापडाचा रंग रन होतो. यंत्रही रन होतं. माणूस दुकान रन करतो, निवडणुकीला रन करतो, अंगात ताप रन करतो, आणि लोकांचा विश्वास उडाला की बँकेवरसुद्धा रन येतो. आपल्याकडे नळ वाहतो, रंग जातो, यंत्र चालतं, निवडणूक लढवतात. प्रत्येक कामाला वेगळा माणूस. इंग्रजीने एकाच गड्याला गावभरची कामं लावून ठेवली आहेत. हा गडी आपल्या हाताखाली यावा एवढीच भाऊंची आयुष्याकडे मागणी होती.

कचेरी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. तीन खोल्या, सहा टेबलं, आणि भिंतींना छतापर्यंत लाकडी खण. इंग्रजीतून आपल्या भाषेत असा थोरला कोश तिथे वर्षानुवर्षं चालला होता आणि आत्ता कुठे ‘आर’ या अक्षराला पोचला होता. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. कामाची रीत साधी होती. एका अर्थाला एक चिठ्ठी: वर शब्द, मग अर्थ, त्याखाली एक वाक्य. भाऊ उभ्या जन्मात इतक्या चिठ्ठ्या लिहून बसले होते की घरीही त्यांना तोंडाने बोलण्याची सवय राहिली नव्हती. बायको बाहेर गेलेली असली तर ते ओट्यावर चिठ्ठी ठेवायचे, ‘दूध उतू गेलं. मी तिथे नव्हतो.’ त्यावरूनच त्यांचं नाव पडलं, आणि आता खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत.

या कचेरीत मान एकच होता. ज्या शब्दाच्या चिठ्ठ्या शंभराच्या वर जातील तो ‘थोरला शब्द’, आणि थोरल्या शब्दाच्या शेवटी, बारीक टायपात का होईना, तो लिहिणाऱ्याचं नाव छापायचं. बाकी कुणाचं नाव कुठेही नाही. आता गंमत अशी की भाऊंच्या वाट्याला कायम लांबलचक शब्द आले. लांब शब्द दिसायला भारदस्त, पण त्याला अर्थ असतो एक, फार तर दीड. चार चिठ्ठ्यांत आटोपतो. थोरले असतात ते हे आखूड, रोजच्या वापरातले, येता-जाता तोंडात येणारे. छापून झालेल्या तेरा खंडांत भाऊंचं नाव एकदाही नव्हतं, आणि येत्या वर्षाअखेर त्यांची निवृत्ती होती. ‘रन’ मिळाला तर नाव येणार होतं. नाही मिळाला तर ‘एस’च्या खंडाला भाऊ घरी बसून पेपर वाचणार होते.

आणि ‘रन’ मिळाला सिस्टरला.

सिस्टर म्हणजे नर्स. बावीस वर्षं वॉर्डात काढलेली, मग आजारी आईला सांभाळायला नोकरी सोडलेली. आई गेल्यावर त्यांनी दवाखान्यांसाठी माहितीपत्रकं आपल्या भाषेत लिहायला घेतली. त्यातलं एक साहेबांच्या, म्हणजे मुख्य संपादकांच्या हाती पडलं आणि साहेब इतके खूश झाले की सिस्टरना थेट कचेरीत आणून बसवलं. येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत ‘रन’ची दोरी बांधलेली कोरी फाइल सिस्टरच्या टेबलावर ठेवली, तेव्हा भाऊंनी हातातली चिठ्ठी उलटी करून ठेवली. ते दुपारी साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, अकरा वर्षं मी या शब्दाची तयारी करतोय. सगळ्या कचेरीला माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे,” साहेब म्हणाले. “भाऊ, या शब्दाबद्दल तुम्हाला सगळं ठाऊक आहे. म्हणूनच नको म्हटलं. तुम्ही कुणाला काही विचारणारच नाही. त्या विचारत फिरतील.”

भाऊ बाहेर आले. पण अंगाचा तिळपापड झाला होता. सुई टोचणारी बाई आता शब्दांना टोचणार! घरी येऊन त्यांनी बायकोपुढे हे वाक्य दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ती हसली नव्हती.

“अहो, पण चांगल्या आहेत त्या,” बायको म्हणाली. “मागे दिसल्या बाजारात, तर भर रस्त्यात उभ्या राहून मला गुडघ्याचा व्यायाम शिकवला. आठ दिवसांत जिना चढायला लागले मी.”

म्हणजे घरातसुद्धा फितुरी. भाऊंनी त्या दिवशी बायकोच्या गुडघ्यांशीही अबोला धरला.

सिस्टर खरंच विचारत फिरल्या. खालच्या छापखान्यातल्या मशीनवाल्याला विचारलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं, बसच्या कंडक्टरला विचारलं. परत येऊन त्या चिठ्ठी लिहायच्या आणि मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि बाकीची टेबलं खुर्च्या वळवून ऐकायची. भाऊंच्या चिठ्ठ्या एकतीस वर्षांत कुणी खुर्ची वळवून ऐकल्या नव्हत्या. ते खाली मान घालून शिसाला टोक काढत बसायचे. त्या महिन्यात त्यांच्या पाच पेन्सिली संपल्या.

मग एकदा चहाच्या वेळी सिस्टर त्यांच्याच टेबलाशी आल्या. “भाऊ, याचं मूळ मला कळत नाहीये. धावण्याचा आणि नळाचा काय संबंध?”

भाऊ गप्प बसू शकले असते. तसं ठरवलंही होतं. पण अकरा वर्षं पोटात साठवलेलं ज्ञान आणि समोर मनापासून विचारणारा माणूस, असं झाल्यावर कुणाचं तोंड बंद राहतं? भाऊ बोलायला लागले. जुन्या इंग्रजीत याची दोन क्रियापदं होती, ते म्हणाले. एक आपणहून जाण्याचं आणि एक दुसऱ्याला जायला लावण्याचं. पुढे दोन्ही एकात मिसळली. म्हणून माणूस स्वतःही रन होतो आणि दुकानही रन करतो. आणि पहिल्या क्रियापदात नुसते पाय नव्हते, वाहणंही होतं. जर्मन भाषेत त्याचं भावंड आजही ‘वाहणे’ याच अर्थाने नांदतं आहे.

“म्हणजे पाणी त्यात पहिल्यापासून होतंच?” सिस्टर म्हणाल्या.

“पाणी आणि पाय, दोन्ही.”

“बघा! आणि मला वाटत होतं, पाणी मागून शिरलं.” त्या चहा तसाच ठेवून आपल्या टेबलाकडे गेल्या. भाऊंना बरं वाटलं, आणि पाच मिनिटांनी बरं वाटल्याचा राग आला.

तीन महिन्यांनी ‘रन’ लिहून पुरा झाला आणि गठ्ठा भाऊंकडे आला. कचेरीची तशी रीतच होती. वयाने वडील म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांकाचे शिक्के मारायचं काम त्यांचं. शिक्का मारला की दोरी बांधायची, आणि वाचनाच्या दिवसापर्यंत गठ्ठा साहेबांच्या कपाटात. त्या दुपारी शेजारची टेबलं जेवायला गेली होती. भाऊंनी पहिली चिठ्ठी उचलली.

सिस्टरनी ‘धावणे’ पहिलं घेतलंच नव्हतं. भाऊंच्या खणात अकरा वर्षं जपलेला आराखडा होता आणि तो, जगातल्या सगळ्या कोशांसारखा, धावण्यापासून सुरू होत होता. सिस्टरनी धावणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ एका चिठ्ठीत जोडीने बसवले होते, आणि मग एकामागून एक अर्थ असे लागत गेले होते की मधे कुठे पायरी चुकत नव्हती: नळ, नाक, डोळे, कापडाचा रंग, पसरणारी बातमी, चालणारं यंत्र, चालवलेलं दुकान. वाचता वाचता भाऊंना पुढची चिठ्ठी कोणती येणार ते कळायला लागलं, इतकं ते सरळ होतं. मूळ भाऊंनीच सांगितलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. काम वाईट असतं तर भाऊंनी सिस्टरना तेव्हाच्या तेव्हा माफ केलं असतं. पण ते चांगलं होतं, आणि भाऊ उठून घटकाभर उभे राहिले.

खाली बसले तेव्हा हातात एकशे सत्तेचाळिसावी चिठ्ठी होती. तिच्यावर अर्थ होता: ‘(गुण, खोड, आजार) एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणे.’ खाली सिस्टरच्या गोल अक्षरात वाक्य: ‘हट्ट आणि दुखरे गुडघे आमच्यात आईकडून मुलीकडे येतात, बाप नुसते बघत राहतात.’

ही चिठ्ठी सिस्टरनी कचेरीत कुणाला वाचून दाखवली नव्हती. भाऊंनी एकदाच वाचलं. मग टेबलाचा खण उघडला, तळाला अंथरलेला कागद उचलला, चिठ्ठी त्याखाली सरकवली आणि खण लावला. पुढच्या चिठ्ठीवर एकशे सत्तेचाळीसचाच शिक्का मारला. गठ्ठा दोनशे बारा चिठ्ठ्यांचा होता, तो दोनशे अकराचा झाला. शिक्क्यांत कुठे खंड नव्हता. त्यांनी दोरी नेहमीसारखी दोन गाठींची बांधली.

आता यात भाऊंचा हिशेब काय होता तो सांगायला हवा. थोरला शब्द छापायला जाण्याआधी सगळ्या कचेरीसमोर मोठ्याने वाचला जायचा. शेवटी साहेब विचारायचे, “सुटलं काय?” आणि गठ्ठ्यात नसलेला अर्थ जो कोणी दाखवेल, शब्द त्याचा. उरलेलं काम त्याचं आणि खालचं नावही त्याचं. माणसांनी हयगय करू नये म्हणून साहेबांनी तरुणपणी घातलेला हा नियम, आणि तो एवढा कडक होता की आजवर दोनदाच लागू झाला होता.

वाचनाच्या दिवशी साहेबांनी दोन तास वाचलं. सिस्टर अगदी सरळ बसून ऐकत होत्या. एकशे शेहेचाळीस झाली, पुढची आली, आणि सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. त्या वाट बघत राहिल्या. आपली चिठ्ठी पुढे कुठेतरी येईल म्हणून. शेवटची चिठ्ठी संपली.

“सुटलं काय?”

भाऊंनी घसा साफ केला. “घराण्यात उतरत येणं. गुण, आजार. तो अर्थ दिसला नाही.”

साहेबांनी गठ्ठा परत चाळला. “नाही आहे.”

“मी लिहिला होता,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणजे... मला वाटतं, लिहिला होता.”

“सिस्टर, वाटून चालत नाही. आकडे सलग आहेत.”

सिस्टरनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. मग मान डोलावली. “वॉर्डातही तेच असतं. लिहिलेलं नाही म्हणजे दिलेलं नाही.” त्या उठल्या, गठ्ठा उचलला आणि भाऊंच्या पुढ्यात आणून ठेवला. “घ्या भाऊ. मूळ तरी तुम्हीच सांगितलं होतंत.”

शब्द भाऊंचा झाला. पण मजा आली नाही. टेबलं सगळी सिस्टरभोवती गोळा झाली, कुणी चहा आणला, कुणी म्हणालं, “होतं असं कधीतरी.” शब्द जिंकला भाऊंनी आणि कौतुक हरणाऱ्या बाईचं! हिला हरतासुद्धा चांगलं येतं, या विचाराने भाऊंना घरी पोचेपर्यंत नुसती धुसफूस होत होती.

पुढचे काही दिवस सिस्टर काहीतरी शोधत होत्या. आधी स्वतःचे खण उपसले, मग कपाटामागे पाहिलं, मग रद्दीची टोपली. नंतर शोधणं थांबलं, पण त्या बदलल्या. मोठ्याने वाचून दाखवणं बंद झालं. प्रत्येक कामाची यादी करायला लागल्या, झालेल्या कामावर दोन-दोन खुणा. एकदा कप धुऊन ठेवल्यावर शेजाऱ्याला विचारलं, “मी चहा घेतला ना हो?” भाऊंनी ते ऐकलं आणि, खोटं कशाला सांगू, त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. मोठी हुशार! वय कुणाला चुकलंय?

आणि ते स्वतः लिहीत होते. उरलं होतं तरी काय? एकच चिठ्ठी. गठ्ठ्यात नसलेल्या अर्थाची. खणातली ती चिठ्ठी बघायचीच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढी चाड त्यांना होती. हे आपल्या अकलेनेच लिहायचं. चौदा वाक्यं लिहिली आणि फाडली. कुठलं पाठ्यपुस्तकातलं वाटे, कुठलं औषधाच्या बाटलीवरचं. पंधराव्या दिवशी जिना चढताना एक वाक्य आपोआप सुचलं, सगळं एकदम, आणि ते वर येऊन उभ्या उभ्याच लिहून मोकळे झाले. इतकं जिवंत वाक्य त्यांच्या हातून जन्मात उतरलं नव्हतं. त्यांनी ते घरी नेऊन बायकोला म्हणून दाखवलं.

“छान आहे की,” बायको म्हणाली. मग भाजी चिरता चिरता थांबली. “पण आपल्याला कुठे मुलगी आहे?”

“अगं, शब्दकोशातलं वाक्य आहे. ते काय आपल्या घराबद्दल असतं?”

“मग गुडघे कुणाचे?”

“तुझेच धर,” भाऊ म्हणाले, आणि त्यांना हेही सुचल्याचा आनंद झाला.

छपाईचं प्रूफ आलं. आठ पानी शब्द, आणि शेवटी, बारीक टायपात, भाऊंचं पूर्ण नाव. त्यांनी ते नाव नाकाशी धरून वाचलं. शाईचा वास येत होता. ज्याचं नाव, त्याने प्रूफ तपासायचं नाही असा आणखी एक नियम होता. तेव्हा साहेबांनी प्रूफ सिस्टरकडे दिलं. शब्द त्यांना पाठ होता.

सिस्टर सकाळभर तपासत होत्या. भाऊ ‘रश’ या शब्दाचे शिक्के मारायचं नाटक करत तिकडे बघत होते. आता बघू, कुठे नाक मुरडते ती. दुपारी बाराच्या सुमारास सिस्टरचं पेन थांबलं. मग त्यांनी पान उचललं, पुन्हा खाली ठेवलं, आणि हाताने तोंड झाकलं. त्या उठून भाऊंच्या टेबलाशी आल्या. डोळे भरले होते.

“भाऊ, हे वाक्य,” त्यांनी बोट ठेवलं. “बाप नुसते बघत राहतात.”

भाऊंनी वाचलं. आपलंच, सुचलेलं, जिन्यातलं. आणि वाचता वाचता त्यांना खणातली चिठ्ठी आठवली. गोल अक्षरं डोळ्यांपुढे आली. एकदाच वाचली होती, पण एकतीस वर्षं वाक्यं टिपणारं डोकं ते; एकदा वाचणं पुरेसं होतं. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता. सिस्टर ओरडतील याची ते वाट बघायला लागले. सगळी कचेरी ऐकेल, साहेब बाहेर येतील. येऊ देत.

“म्हणजे मी लिहिली होती ती चिठ्ठी,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “होती ना? खरंच होती?”

भाऊंनी होकारार्थी मान हलवली.

“देवा,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्चीची पाठ धरली. “माझ्या आईचं असंच सुरू झालं, भाऊ. याच वयात. केलेलं काम केलंच नाही वाटायचं, न केलेलं केलं वाटायचं. शेवटी मला ओळखत नव्हती. तीन आठवडे मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचा पत्ता म्हणतेय. मला वाटलं, आलं माझ्यात. उतरलं.” त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “उद्या तपासणीची वेळ घेतली होती मी.”

“सिस्टर, मी साहेबांना...”

“ते तुम्ही बघा. मला आधी फोन करू द्या.”

त्यांनी प्रूफ तिथेच ठेवलं. वाक्याच्या समोर, समासात, बरोबरची खूण केलेली होती. शेजारच्या खोलीत फोनची तबकडी फिरली, आणि सिस्टरचा आवाज आला, पूर्वीसारखा मोठा, खुर्च्या वळवणारा: “हॅलो, उद्याची वेळ रद्द करा. हो, माझीच. नाही नाही, मला काही झालेलं नाही. मला सगळं आठवतंय.”

भाऊ आपल्या नावासमोर बसून ऐकत राहिले.